क्वार्टरबॅक पुष्कळ बदलले, आता त्याच्या पुढचे पाच जण बघा
अमेरिकन फुटबॉलच्या न्यूयॉर्क जेट्स टीमच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

एडिसन, न्यू जर्सी
ऑगस्ट 2025

मंडळी, सप्रेम नमस्कार.

ट्रेनिंग कॅम्प सुरू झाल्यापासून गणपतीच्या तयारीच्या मीटिंग असोत नाहीतर मुलांचे वाढदिवस, चार जेट्सवाले एकत्र आले की एकच वाद पेटतो. आपला नवा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन पास टाकणारा, जस्टिन फिल्ड्स चालणार की नाही? अर्धे म्हणतात, ओहायो स्टेटचा आहे, पायात वारं आहे, गॅरेट विल्सन त्याचा कॉलेजचा जोडीदार, जमेल. उरलेले म्हणतात, शिकागोने सोडला, पिट्सबर्गने सोडला, आपण कशाला उचलला? आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं की हे वर्ष गेलं तरी चालेल, पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, सगळे पिक (निवडीचे हक्क) देऊन टाका, पण टेक्सासचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग आणा.

हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय. असं म्हणणारा प्रत्येक जण या टीमवर माझ्याइतकंच प्रेम करतो, याची मला खात्री आहे. पण मागायचीच तर योग्य गोष्ट मागूया, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणारी पाच जणांची लाइन, एवढी कळकळीची विनंती आहे.

आपल्या क्वार्टरबॅक जो नेमथने सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकण्याचा शब्द दिला आणि जानेवारी 1969 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सना 16-7 असं हरवून तो खरा केला. त्यानंतर जेट्स सुपर बोलमध्ये पोचलेलेच नाहीत. 2010 च्या मोसमापासून तर प्लेऑफचंही (बाद फेरीचंही) दर्शन नाही. या काळात आपण काय काय केलं ते आठवा. 2009 मध्ये मार्क सांचेझ, पाचवा पिक. 2013 मध्ये दुसऱ्या फेरीत जिनो स्मिथ. 2016 मध्ये दुसऱ्याच फेरीत ख्रिस्चन हॅकेनबर्ग, ज्याने नियमित मोसमाचा एकही सामना खेळला नाही. 2018 मध्ये सॅम डार्नल्ड, तिसरा पिक. 2021 मध्ये झॅक विल्सन, दुसरा पिक. आणि 2023 मध्ये ॲरन रॉजर्स. दर वेळी जर्सी विकत घेतल्या, दर वेळी म्हटलं की हाच तो. आणि दोन-तीन वर्षांत त्याच माणसाला आपल्या मेटलाइफ स्टेडियममध्ये हुर्यो केली.

या यादीत प्लेऑफचे सामने जिंकून दिले ते फक्त सांचेझने. सलग दोन वर्षं, 2009 आणि 2010, जेट्स एएफसीच्या (लीगच्या आपल्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेले. पहिल्या वर्षी सांचेझने 12 टचडाउन पास टाकले आणि 20 इंटरसेप्शन दिले, म्हणजे तेवढे पास समोरच्यांच्या हातात गेले. आज फिल्ड्सने असे आकडे आणले तर थँक्सगिव्हिंगच्या आधीच आपण त्याला गावाबाहेर काढू. मग तेव्हा टीम जिंकली कशी? कोच रेक्स रायनचा डिफेन्स जबर होता हे खरंच, पण त्या वर्षी धावून सर्वांत जास्त यार्ड काढणारी टीमही आपलीच होती. तेव्हाची लाइन आठवा: डावीकडे टॅकल डिब्रिकशॉ फर्ग्युसन, त्याच्या शेजारी गार्ड ॲलन फनेका, मध्ये सेंटर निक मॅनगोल्ड, उजवीकडे गार्ड ब्रँडन मूर आणि टॅकल डेमियन वूडी. फर्ग्युसन आणि मॅनगोल्ड हे 2006 च्या एकाच ड्राफ्टमधले, एक चौथा पिक, दुसरा एकोणतिसावा. दोघेही पहिल्या फेरीचे. फर्ग्युसनने दहा वर्षांच्या कारकिर्दीत फक्त एक स्नॅप (डाव) चुकवला. तोही एका सामन्याच्या शेवटी, सगळ्यांनी मागे-मागे बॉल फेकायचा तो वेडा डाव होता म्हणून त्याला बाहेर बसवलं होतं. बाकी दहा हजारांहून जास्त स्नॅप तो तिथे उभा होता. अशी भिंत मिळाली तर विशीतला पोरगाही एएफसीच्या अंतिम सामन्यापर्यंत जातो.

आता 2018 कडे या, कारण माझ्या मते आपलं खरं नुकसान तिथे झालं. डार्नल्ड मिळावा म्हणून आपण सहाव्या नंबरवरून तिसऱ्यावर गेलो. त्यासाठी इंडियानापोलिसला तो सहावा पिक दिला आणि वर दुसऱ्या फेरीचे तीन पिक दिले, दोन त्याच वर्षाचे आणि एक 2019 चा. इंडियानापोलिसने सहाव्या नंबरवर गार्ड क्वेंटन नेल्सन घेतला, आणि आपल्याच सदतिसाव्या पिकवर टॅकल ब्रेडन स्मिथ. नेल्सन पहिल्या तिन्ही वर्षी ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. स्मिथने उजवी बाजू वर्षानुवर्षं सांभाळली. म्हणजे एक क्वार्टरबॅक आणण्यासाठी आपण ज्या किमतीचे पिक दिले, त्यात दुसऱ्याने लाइनची दोन माणसं कायमची बसवली. आणि आपला डार्नल्ड कुणाच्या मागे उभा राहणार होता, हे विचारायचं राहूनच गेलं.

21 ऑक्टोबर 2019 ची ती सोमवारची रात्र तुम्ही विसरला नसाल. समोर न्यू इंग्लंड, निकाल 33-0. डार्नल्डचे 32 पैकी 11 पास पूर्ण, एकूण 86 यार्ड, चार इंटरसेप्शन. त्याच्या अंगावर माइक लावलेला होता, आणि बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसतायत. सारा देश त्यावर हसला. पण न्यू इंग्लंडच्या कोच बेलिचिकचा डिफेन्स त्या रात्री काय करत होता? पाच-सहा माणसं लाइनवर आणून उभी करायची, कोण येणार आणि कोण मागे जाणार ते शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. लाइनमधल्या पाचांनी एकमेकांत बोलून ठरवायचं असतं की कुणी कुणाला अडवायचं. पण ती लाइन अजून एकमेकांना ओळखतही नव्हती. त्यामुळे समोर माणूस नसतानाही पोराला माणूस दिसायला लागला. बावीस वर्षांचं वय होतं त्याचं.

त्याच ड्राफ्टमध्ये, सातव्या नंबरवर, आपल्याच डिव्हिजनमधल्या बफेलोने जॉश ॲलन घेतला. पहिल्या वर्षी ॲलनचे फक्त 52.8 टक्के पास पूर्ण झाले. त्या वेळी आपण त्याची टिंगल करत होतो, हे प्रामाणिकपणे आठवा. बफेलोने काय केलं? मुख्य कोच शॉन मॅकडरमॉट तोच ठेवला. ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर ब्रायन डेबॉल 2018 ते 2021 अशी चार वर्षं तोच ठेवला. 2019 मध्ये सेंटर मिच मॉर्सला आणून जवळजवळ अख्खी लाइन नव्याने बांधली, जॉन ब्राउन आणि कोल बीझली हे रिसीव्हर (पास झेलणारे) आणले, आणि 2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज. ॲलनची टक्केवारी 58.8 झाली, मग 69.2. 2024 चा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, तो आहे. तेवढ्याच काळात आपण डार्नल्डला कोच बोल्सची पद्धत शिकवली, ती पुसून पुढचे कोच गेज यांची शिकवली आणि मग त्याला कॅरोलायनाला विकून टाकलं. कलम लावायचं आणि दर दोन वर्षांनी उपटून मुळं धरलीत का ते बघायचं, असा हा प्रकार.

डार्नल्ड पुढे काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे. 2024 मध्ये मिनेसोटात 14 विजय, 4,319 यार्ड, 35 टचडाउन पास. इथे कुणीतरी मला लगेच अडवेल, की शेवटी कोसळलाच ना तो. हो, कोसळला. पण कसा, ते नीट बघा. डावा टॅकल ख्रिस्चन डॅरिसॉ मोसमाच्या मध्यावर जायबंदी झाला होता. शेवटच्या आठवड्यात डेट्रॉइटने 31-9 असं हरवलं, आणि पुढच्याच आठवड्यात प्लेऑफमध्ये रॅम्सने त्याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे पास टाकायच्या आत पाडलं, सामना 27-9 असा गेला. माणूस तोच, हात तोच, रिसीव्हर जस्टिन जेफरसनही तोच. पायाखालची जागा गेली आणि चार महिने सुंदर खेळलेला क्वार्टरबॅक पुन्हा 2019 सारखा दिसायला लागला. मला तर या एका मोसमात सगळा वाद मिटलेला दिसतो.

महान खेळाडूलाही यातून सुटका नाही. याच फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सचं काय झालं? फिलाडेल्फियाने ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणसं न धाडता, फक्त पुढच्या चौघांच्या जोरावर त्याला सहा वेळा सॅक केलं आणि 40-22 असा सामना घेतला. चार वर्षांपूर्वी टँपाविरुद्धही हेच झालं होतं. दोन्ही मुख्य टॅकल नव्हते, महोम्स जीव घेऊन पळत होता, 31-9. तेव्हा कॅन्सस सिटीने काय केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी जो थूनी पैसे देऊन आणला, ऑर्लँडो ब्राउन ट्रेडने आणला, दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हंफ्री घेतला आणि सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ. एका उन्हाळ्यात! जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक हाताशी असलेल्या टीमला जे कळलं, ते आपल्याला इतक्या वर्षांत का कळू नये?

आणि फिलाडेल्फिया तर आपल्या शेजारी. आपल्यातले कितीतरी जण रोज तिकडे नोकरीला जातात. टॅकल लेन जॉन्सन 2013 पासून तिथे आहे. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बीवाला, सातव्या फेरीत घेतलेला. लाइनचे कोच जेफ स्टाउटलँडही 2013 पासून तेच. मुख्य कोच बदलले, क्वार्टरबॅक बदलले, पण लाइनची शाळा मोडली नाही. मेकाय बेक्टन आपला होता, 2020 चा अकरावा पिक. गुडघ्याने त्याला छळलं, आपण आशा सोडली. स्टाउटलँडनी त्याला टॅकलचा गार्ड केला आणि त्याच्या बोटात आज सुपर बोलची अंगठी आहे. सेक्वॉन बार्कलीने आपल्याच मेटलाइफमध्ये खेळणाऱ्या जायंट्सकडून 2023 मध्ये धावून 962 यार्ड काढले होते. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या त्या लाइनच्या मागे 2,005.

आता 11 सप्टेंबर 2023. दुखऱ्या जागेवर बोट ठेवतेय, माफ करा. रॉजर्स अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत बाहेर आला तेव्हा आपल्यातल्या किती जणांच्या डोळ्यांत पाणी होतं! आणि चौथ्या स्नॅपला त्याचा टाचेमागचा अकिलिस तुटला. नशीब म्हणून आपण ती गोष्ट सोडून देतो, कुणी टर्फला दोष देतो. मी तो डाव पुन्हा पुन्हा पाहिलाय. डाव्या टॅकलला ड्वेन ब्राउन, वय 38. त्याने बफेलोच्या लेनर्ड फ्लॉइडला पायाशी झेपावून पाडायचा प्रयत्न केला, फ्लॉइड उभाच राहिला आणि वळसा घालून आत शिरला. लांब पास असता तर कदाचित तो कट ब्लॉक तसाही टिकला नसता, तो झटपट पाससाठीच असतो. रॉजर्सने बॉल धरून ठेवला, हीही त्याची बाजू आहे. पण एवढ्या मोलाच्या, चाळिशीला टेकलेल्या क्वार्टरबॅकची डावी बाजू आपण अडतीस वर्षांच्या, शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसावर सोपवली होती. पुढच्या वर्षी तिथे टायरन स्मिथ आणला, तोही कारकिर्दीच्या शेवटी, आणि मानेच्या दुखण्याने तो मोसम पूर्ण करू शकला नाही. दर वर्षी भाड्याची माणसं. मोसम 5-12 वर संपला आणि मधेच कोच सालेला काढलं.

हे सगळं सांगून मी निराश नाही, उलट बऱ्याच वर्षांनी मला खरी आशा वाटतेय. 2024 मध्ये अकराव्या नंबरवर ओलू फशानू घेतला, पेन स्टेटचा डावा टॅकल. यंदा सातव्या नंबरवर मिझुरीचा अर्मांड मेम्बू, उजवा टॅकल. लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीत टॅकल! मध्ये जो टिपमन आणि अलाइजा व्हेरा-टकर, तेही आपल्याच ड्राफ्टमधले. 2006 नंतर लाइनचं असं बी पेरलेलं मी पाहिलं नव्हतं. नवे कोच ॲरन ग्लेन 1994 मध्ये पहिल्या फेरीत जेट्सकडे आलेले, म्हणजे घरचे. ते आणि कोऑर्डिनेटर टॅनर एन्गस्ट्रँड दोघेही डेट्रॉइटहून आलेत, आणि डेट्रॉइटची गेल्या काही वर्षांतली सगळी बढती लाइनपासून सुरू झाली.

फिल्ड्सबद्दलही मोकळेपणाने बोलते. शिकागोत तीन वर्षांत त्याला 135 वेळा सॅक केलं. यातलं सगळं पाप लाइनचं नव्हतं. तो बॉल फार वेळ धरतो, पहिला रिसीव्हर मोकळा दिसला तरी आणखी चांगलं काहीतरी शोधत राहतो. तीन सेकंदांच्या पुढे जगातली कुठलीच लाइन टिकत नाही. म्हणून त्याला प्रत्येक वेळी मागे उभं करून मैदान वाचायला लावणं हा वेडेपणा ठरेल. ब्रीस हॉलला आधी धाववा, डिफेन्सचे लाइनबॅकर दोन पावलं पुढे येऊ द्या, मग तोच डाव दाखवून पास, म्हणजे प्ले-ॲक्शन. फिल्ड्सला पॉकेटमधून, म्हणजे लाइनच्या आडोशातून, बाहेर काढून अर्ध्याच मैदानात बघायला द्या, गॅरेट विल्सन नाहीतर टाइट एंड, नाही मिळाला तर पळ. 2022 मध्ये त्याने पळून 1,143 यार्ड काढले होते. त्याचे पाय हे हत्यार आहे, संकटातून सुटण्याची वाट म्हणून ते वापरायला लागू नयेत. असा ऑफेन्स बघायला झगमगीत नसतो. तिसऱ्या डावाला तीन यार्ड हवे असताना पुन्हा धावले की स्टँडमधून ओरडा होतो. तो ओरडा आपण करू नये, एवढं मागतेय.

तो कायमचा क्वार्टरबॅक ठरेल असं मी म्हणत नाही. त्याचा करार दोन वर्षांचा, 4 कोटी डॉलरचा. या बाजारात ही रक्कम मोठी नाही, आणि ती तशी ठेवण्यात शहाणपणा आहे. दोन वर्षांत लाइन पिकली की मग क्वार्टरबॅक शोधायला जागा, पैसा आणि पिक तिन्ही हातात असतील. तेव्हा आलेला पोरगा फर्ग्युसन-मॅनगोल्डसारख्या भिंतीमागे उभा राहील. आज सगळे पिक देऊन कुणालाही आणलं, मॅनिंग घराण्यातला आणला तरी, आपण 2018 च पुन्हा करू.

मालक वूडी जॉन्सन आणि जनरल मॅनेजर डॅरेन मूगी यांच्यापर्यंत आपला आवाज जातो. सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाचे फोन येतात, चाहत्यांचे सर्व्हे येतात, कॅम्पला कुंपणाशी उभं राहून बोलता येतं. तिथे आपण क्वार्टरबॅकचं नाव घेणं थांबवूया. लाइनचे कोच किती वर्षं राहणार, ग्लेन आणि एन्गस्ट्रँड यांना निदान तीन मोसम मिळणार का, पुढच्या ड्राफ्टमध्ये आणखी एक गार्ड घेणार का, हे विचारूया. मुलांना जर्सी घ्यायची असेल तर यंदा फशानूची घ्या. दुकानात सहज मिळणार नाही, मागवावी लागेल. मागवा. कुणीतरी मोजतंच की कुठला नंबर किती विकला गेला.

7 सप्टेंबरला पहिलाच सामना आहे, पिट्सबर्गशी, आपल्याच मैदानावर, आणि समोर रॉजर्स काळ्या-पिवळ्या जर्सीत. गेल्या वर्षी फिल्ड्स तिथे होता, म्हणजे दोन्ही बाजूंना हिशेब आहेत. सारा आवाज त्या दोघांवर जाणार, टीव्हीचे कॅमेरेही. माझं सांगणं आहे की पहिल्या क्वार्टरमध्ये निदान एक ड्राइव्ह बॉलकडे न बघता पाहा. पिट्सबर्गचा टी. जे. वॉट कडेवरून येईल, बहुतेक मेम्बूच्या अंगावर. पोराचा पहिलाच सामना. वॉट आधी खांद्याने आत जायचं दाखवतो आणि मग हात खाली घालून कडेने सुटतो. मेम्बूचं मागचं पाऊल किती खोल पडतं, त्याचे हात आधी लागतात की वॉटचे, हरल्यावर पुढच्या स्नॅपला तो काय बदलतो, ते बघा. वॉट त्याला एक-दोनदा नक्की हरवेल. त्या वेळी हुर्यो नको. आणि फिल्ड्सचा पहिला इंटरसेप्शन पडला की बॅकअपच्या नावाचा पुकारा करणारा तुमच्या शेजारी बसला असेल, तर त्याला हाताला धरून खाली बसवा.

सामन्याआधी टेलगेटला, पार्किंगमधल्या खाण्यापिण्याला, नेहमीच्या जागी भेटूच. मिसळ माझ्याकडे, पाव ज्यांना जमतील त्यांनी आणावेत.

आपली,
एक जेट्सवाली